चार रविवारांची पेटी

बाजारातल्या त्या दुकानात डावीकडे कॉम्प्युटरचे सुटे भाग आणि ते जोडून देणारा माणूस बसे, उजवीकडे लॅपटॉप आणि ते विकणारी बाई. माणसाला सगळे जोडारी म्हणत. बावीस वर्षं एकाच स्टुलावर बसून त्यानं किती यंत्रं जोडली याचा त्यालाच पत्ता नव्हता. पण एक गोष्ट काळ्या दगडावरची रेघ होती: गेम खेळायला जो लॅपटॉप घेतो, तो फसतो.

गिऱ्हाईक आलं की तो एवढंच विचारी, "हलवणार किती वेळा?" गिऱ्हाईक गडबडे आणि "कधीमधी" असं काहीतरी पुटपुटे. मग जोडाऱ्याच्या तोंडाचा पट्टा सुरू होई. तेवढ्याच पैशात डेस्कटॉप दीडपट पळतो. खेळाची चित्रं उमटवणारं त्याचं ग्राफिक्स कार्ड जुनं झालं तर काढून नवं घालता येतं. लॅपटॉपचं मुख्य बोर्डालाच डाग देऊन कायमचं बसवलेलं, मेलं तर सगळंच मेलं. तासभर खेळलं की बोटं भाजतात ती वेगळीच. "लॅपटॉप म्हणजे भाड्याचं घर," तो म्हणे. "खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारा." उजवीकडची बाई नाक मुरडे. तिची निम्मी गिऱ्हाइकं हा गृहस्थ दारातच पळवी, आणि ती त्याला तसं ऐकवायलाही कमी करत नसे.

गंमत म्हणजे त्याला स्वतःला खेळण्यात काडीचा रस नव्हता. खेळायची ती त्याची लेक. तो संध्याकाळी तिच्या खोलीत मागच्या पलंगावर बसून ऐकायचा. खेळ नव्हे, पंखे. शर्यतीत अवघड वळण आलं, कार्डावर भार पडला, की कार्डाचे पंखे घुमू लागत आणि जोडाऱ्याचा जीव सुखावे. ती नऊ वर्षांची असल्यापासून हे असंच चाललं होतं. बाप-लेकीत गप्पा अशा कधी फारशा झाल्याच नाहीत. एकत्र बसायचं ते एवढंच, आणि त्याला ते पुरेसं होतं.

यंदा तिचं शिक्षण संपलं आणि त्याच सुमारास जुना कॉम्प्युटरही संपला. एका सकाळी ती सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "बाबा, या वेळी लॅपटॉप घेऊ या का?" जोडाऱ्यानं तिला गिऱ्हाइकासारखं समोर बसवून सगळं पुन्हा ऐकवलं, भाड्याच्या घरासकट. विषय संपला, असं त्यानं धरलं.

मग चार रविवार तो तिच्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसला. कॅबिनेटला तो पेटी म्हणे. ही पेटी त्यानं दुकानातल्या पंधरा पेट्या नाकारून निवडली होती. तिच्या एका बाजूला बारीक जाळीचा पत्रा होता, वारा खेळता राहावा म्हणून. आतल्या तारा त्यानं वेणी घातल्यासारख्या बसवल्या. शेवटी मॉनिटरची केबल मागे लावली आणि काळ्या कापडी पट्टीनं तिला आपली नेहमीची दुहेरी गाठ मारली. लेक छान म्हणाली. तिची आई दारात उभी होती, ती मात्र पेटीकडे नाही, लेकीकडे बघत होती.

आठवड्याभरानं लेकीनं सांगितलं की गेम अडकतोय. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर हाच गेम सुरळीत चालतो, असंही सांगितलं, खाली बघत. जोडाऱ्याच्या वर्मी लागलं. तो पेचकस घेऊन पलंगावर येऊन बसला आणि म्हणाला, चालव.

गाडी खरंच आचके देत होती. पण त्याचं लक्ष पडद्याकडे नव्हतंच. वळण आलं, गेलं, दुसरं आलं, आणि कार्डाचे पंखे काही घुमले नाहीत. त्याच्या मनात पाल चुकचुकली. तो टेबलाखाली शिरला आणि पेटीच्या मागे बॅटरी मारली.

केबल वरच्या पोर्टात होती. खालचा पोर्ट कार्डाचा, वरचा बोर्डाचा. वर लावली की महागडं कार्ड बसून राहतं आणि बिचारा बोर्ड एकटा ओझं ओढतो. नवशिक्यांची ही ठरलेली चूक. दुकानात फोन आला की जोडाऱ्याचा पहिला प्रश्न हाच असे, आणि पलीकडचा माणूस ओशाळून फोन ठेवी. लेकीला हे त्यानं ती नऊ वर्षांची असताना शिकवलं होतं. "वर नाही, खाली," असं घोकत ती घरभर नाचली होती. आता काळी पट्टी सोडून पुन्हा नीट बांधलेली होती, त्याच्याच दुहेरी गाठीनं. ही गाठ त्या घरात दोघांनाच येत होती.

तो टेबलाखालीच बसून राहिला. आधी राग आला. मग आपलंच व्याख्यान आठवलं, आणि त्यातला तो पहिला प्रश्न. हलवणार किती वेळा, हे दुनियेला विचारणाऱ्या माणसानं लेकीला तेवढंच विचारलं नव्हतं.

टेबलाखालून तोंड दिसत नाही हे बरंच होतं. त्यानं विचारलं, "कुठं निघालीस?"

वर गेमचा आवाज बंद झाला.

"नोकरी लागलीये, बाबा. लांब आहे. पुढच्या महिन्यात जायचंय."

"राहणार कुठं?"

"एका खोलीत तिघीजणी. प्रत्येकीला एक पलंग आणि एक कपाट."

"आणि टेबल?"

"टेबल नाही."

जोडाऱ्यानं बॅटरी विझवली. "मग सांगायचं होतंस सरळ."

"तुम्ही चार रविवार बसला होतात," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

केबल त्यानं होती तिथंच राहू दिली. पेचकस उचलून तो बाहेर आला. स्वयंपाकघरात बायको म्हणाली, मी तिला कधीची सांगतेय, बाबांना सरळ सांग म्हणून. तो म्हणाला, मलाही सांगायचं होतंस.

दुसऱ्या दिवशी तो उठून उजवीकडच्या काउंटरवर गेला. "आज सूर्य पश्चिमेला उगवला का?" बाईनं विचारलं. सात लॅपटॉपांवर गेम लावून प्रत्येकाच्या कीबोर्डवर तो तळहात ठेवून उभा राहिला, आजाऱ्याचा ताप बघावा तसा. बाईनं मग थट्टा आवरती घेतली आणि खुर्ची पुढे सरकवली. शेवटी जो सगळ्यांत कमी तापला, तो त्यानं घेतला. जरा जड होता.

एक अडचण उरलीच. लॅपटॉप वारा ओढतो तो खालून. पलंगावर गादीत रुतवून ठेवला तर त्याचा श्वास कोंडतो. जोडाऱ्यानं डेस्कटॉपच्या पेटीचा तो जाळीचा पत्रा उतरवला, कडा कानसेनं घासून गुळगुळीत केल्या आणि त्याला खाली चार रबरी पाय लावले. पलंगावर मांडता येईल असं ते बुटकं टेबल झालं.

निघायच्या दिवशी लेकीनं ते हातात घेऊन जाळीवरून बोट फिरवलं. कशाचं आहे ते तिला लगेच कळलं. "बाबा, पेटी उघडी राहील. आत धूळ जाईल."

"पुसेन की," तो म्हणाला. "आता वेळच वेळ आहे."

पुढच्या रविवारी तो फडकं घेऊन तिच्या खोलीत गेला. पुसण्याआधी केबल तेवढी खाली लावून टाकू म्हणून टेबलाखाली वाकला. केबल खालच्याच पोर्टात होती. जायच्या आधी कधीतरी तिनं ती बदलून पट्टी बांधून ठेवली होती, दुहेरी गाठीनं.

त्यानं कॉम्प्युटर चालू केला, शर्यत लावली आणि कशालाही हात न लावता मागच्या पलंगावर जाऊन बसला. चालवणारं कुणी नव्हतं, गाडी सुरुवातीच्या रेषेवर उभी होती. उघड्या पेटीतून पंख्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता. थोडा वेळ त्यानं तो ऐकला, मग उठला आणि धूळ पुसायला लागला.