मोकळ्या वळणाला नमस्कार

आमचा गुंडूमामा कोल्हापुरात टेम्पोत भाजी भरतो आणि गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात पोचवतो. अठरा वर्षांत टेम्पोला एक ओरखडा नाही. वाटेत देऊळ आलं की उजवा हात स्टिअरिंगवरून कपाळाला, कपाळावरून छातीला. बोलणं मात्र तुटत नाही. "ती मेथी, जय बाबा, पार सडलीया बघ."

इंजिनिअरिंग कॉलेजच्या क्रांतीमॅडमनी घाटात जाणाऱ्या बारा गाड्यांत दोन-दोन कॅमेरे बसवले. एक रस्त्याकडे, एक ड्रायव्हरच्या तोंडाकडे. गाडी चालवताना लक्ष कुठं आणि किती वेळ जातं, ते त्यांना मोजायचं होतं. मॅडमचा प्रत्येक शब्द इस्त्री केलेला. "काका, आपण फक्त नेहमीसारखं चालवायचं हं."

"आवो, कसलं नेहमीसारखं? नवरदेवागत बसाय लागतंय की!"

मॅडमना ते ठाऊकच होतं. पहिले पंधरा दिवस त्यांनी मोजणीत धरलेच नाहीत. माणूस कॅमेरा विसरला, की मग खरा अभ्यास.

दोन महिन्यांनी त्यांनी मामाला कॉलेजात बोलावून घेतलं. पडद्यावर घाट, भर दुपार, धुकं. एका वळणावर मामाचा हात वर गेला, डोळे डावीकडे फिरले. दीड सेकंद.

"इथं कुठलं देऊळ आहे, काका?"

"न्हाय की. नुसता कडा हाय."

"मग हा नमस्कार?"

"मी? ह्या! मी न्हाय केला."

रोज केला होता. बाकीच्या अकरा जणांनीही, त्याच वळणावर. एकालाही आठवत नव्हतं.

मामाला घाम फुटला. "मॅडम, तिथं दीड सेकंदात गाडी दरीत जाती. उद्या हात उचलला तर मिशी उतरवतो."

दुसऱ्या दिवशी दोन्ही हात स्टिअरिंगला आवळून त्यानं ते वळण काढलं आणि परत येऊन थेट कॉलेज गाठलं. "बघा! हात हललाबी न्हाय."

मॅडमनी चित्र थांबवलं. हात जागेवर होते. डोळे मिटलेले होते. अडीच सेकंद.

मामानं मिशी चाचपली आणि टेम्पोची किल्ली उचलली.

आता तो वळणाच्या अलीकडे टेम्पो बाजूला घेतो, इंजिन बंद करतो, खाली उतरून कड्याला हात जोडतो आणि मगच पुढं जातो. मॅडमनी त्याची गाडी अभ्यासातून वगळली. हे नेहमीसारखं चालवणं नाही, म्हणाल्या.

परवा मी सोबत होतो. मामा हात जोडून उभा, तेवढ्यात मागून दुधाची गाडी येऊन थांबली. कधी न पाहिलेला ड्रायव्हर खाली उतरला.

"का थांबला, पावणं?" मामानं विचारलं.

"कुणाला ठावं," तो म्हणाला, आणि त्यानं पायातल्या चपला काढल्या.