रास तनुराच्या गोधड्या

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींना नकार देऊ शकेल असा माणूस अख्ख्या रास तनुरात नाही, बहुधा सौदी अरेबियातही नसावा. कारण सोपं आहे, त्या विचारतच नाहीत. शाळेचा मेळावा असो, कुणाचं बाळंतपण असो, की इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, अडकून बसलेल्या एखाद्या एकट्या मुलाच्या जेवणाची सोय असो, वहिनी थेट कामं वाटून मोकळ्या होतात. "तू पोळ्या कर," असं जिन्यातच सांगून त्या पुढच्या दाराकडे वळलेल्या असतात. त्यांचे यजमान रिफायनरीत इंजिनिअर. रात्रपाळी करून दुपारी झोपलेल्या या सज्जन माणसाच्या अंगाखालची चादर वहिनींनी गोधडीसाठी काढून नेली, अशी कथा आमच्या इमारतीत प्रसिद्ध आहे. ती खोटी असावी असं मला पूर्वी वाटायचं.

गोधड्यांचं हे खूळ लिनच्या आईमुळे सुरू झालं. लिन माझ्या मुलीच्या वर्गात आहे आणि तिचे वडील इथे एका चिनी कंपनीत काम करतात. उत्तर चीनमधल्या माझ्या गावी अनाथ मुलांचं एक घर आहे, दर सुट्टीत मी त्यांच्यासाठी काहीतरी नेते, असं तिच्या आईने पालकसभेत सांगितलं. शाळेच्या सेवा गटाने वह्या आणि रंगपेट्या जमवायचं ठरवलं. वहिनींनी एकच चौकशी केली, "तिकडे थंडी किती पडते?" आणि घरी येऊन सुईत दोरा ओवला.

त्यानंतर आमच्या कपड्यांना कोणी वाली उरला नाही. वाढदिवसाच्या पार्टीत आपण बिर्याणी वाढून घेत असावं, तर वहिनी मागून येऊन बाही चिमटीत धरणार आणि म्हणणार, "चांगलं सुती आहे गं. अजून किती दिवस घालणार?" तळमजल्यावरच्या रत्नागिरीच्या चाचींच्या ओढण्या गेल्या, शाळेच्या बसच्या पाकिस्तानी ड्रायव्हरचा जुना पठाणी गेला. गोधडी शिवून झाली की तिची परीक्षा व्हायची. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ पडलेलं, आणि आत एसी पार खाली आणून वहिनी इमारतीतली पोरं गोधडीखाली झोपवायच्या. त्यांचा मुलगा एकदा वैतागून म्हणाला, "आई, धिस इज नॉट नॉर्मल." वहिनी म्हणाल्या, "ते राहू दे. पाय गरम आहेत का, तेवढं सांग."

लिनची आई निघणार त्याच्या आदल्या दिवशी माशी शिंकली. सेवा गटातल्या एक बाई गोधड्या बघून अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "छान आहेत, पण वापरलेल्या कपड्यांचे तुकडे ना? परक्या देशातल्या अनाथ मुलांना आपण चिंध्या पाठवल्या असं वाटायला नको." वहिनींनी गोधड्यांच्या पुन्हा घड्या घातल्या. मला त्या बाईंचा संताप आला. वहिनी मात्र घरी येऊन पिशव्या बांधायला लागल्या. "लिनच्या आईला दाखवते. तिचा चेहरा पडला तर परत आणू," एवढंच म्हणाल्या. मीच गाडी काढली.

लिनच्या आईने पहिली गोधडी उलगडली आणि तिचा चेहरा खरोखरच उतरला. एकेका तुकड्यावर बोट ठेवून ती विचारू लागली, हा कुठला, हा कुणाच्या घरातला? वहिनी अपराध्यासारख्या सांगत होत्या. मग डोळे पुसत ती तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, "आमच्याकडे मूल जन्मलं की आजी घरोघर जाऊन कापडाचा तुकडा मागते. शंभर घरांचं पांघरूण करतात, म्हणजे शंभर घरांचे आशीर्वाद मिळतात. या मुलांसाठी घरोघर जाणारं कोणी नव्हतं."

वहिनी सोफ्यावर बसल्या आणि रडता रडता हसायला लागल्या. मला इतकं हायसं वाटलं की मीही रडून घेतलं. परतताना गाडीत वहिनी हळूच म्हणाल्या, "आणि मला आपलं वाटत होतं, मी नुसती कापडं मागत फिरतेय."

आता यजमानांच्या बदलीमुळे त्या रास अल खैरला राहायला गेल्या आहेत. माझे कपडे कपाटात सुखरूप आहेत. काही जुने झालेत, विरलेतही, पण टाकवत नाहीत.