नकाशावरचं मैदान

नगरपरिषदेच्या सभागृहात गावाच्या विकास आराखड्याचा नकाशा टेबलावर पसरला होता. कुठे घरं, कुठे दुकानं आणि कुठे मोकळी जागा, यावर लोकांचं म्हणणं ऐकायला आमची समिती बसली होती. येणारा प्रत्येक जण वाकून आधी आपलं घर शोधायचा.

आमच्या गल्लीतल्या सुमनताईंनीही शोधलं. मग त्यांचं बोट शेजारच्या मैदानाकडे सरकलं.

"हा निळा रंग कशाचा?"

"दुकानांचा," मी म्हणालो.

"मग आमच्या मुली खो-खो कुठे खेळणार?"

"व्यापारी संकुल झालं तर गावाला उत्पन्न मिळेल, ताई," अध्यक्ष समजावू लागले.

"मिळू दे की. जुन्या गोदामांची जागा पडूनच आहे, तिथे बांधा."

मागून एक हात वर झाला, मग बरेच झाले. आपलं घर सापडल्यावर माणूस आणखी काय शोधतो, त्यावरच गाव घडत असावं, असं मला तेव्हा वाटलं. समितीने मैदान मोकळंच ठेवायचं ठरवलं.

बाहेर पडताना सुमनताईंनी विचारलं, "तिथे दिवे लावता येतील का हो? हल्ली लवकर अंधारतं."

"पुढच्या सभेत तुम्हीच मांडा."

"मांडते," त्या म्हणाल्या आणि पदर खोचून निघाल्या.