माकणीच्या गोदेचा पुकारा

ऐका हो ऐका! सरकारी काटकसरीच्या इतिहासातली अत्यंत गंभीर घटना सांगतो. खर्च परवडेना म्हणून आमच्या तालुक्याच्या कोर्टाचं ऑफिस उचलून धाराशिवच्या मोठ्या इमारतीत आणलं. टेबलं आली, पंखे आले आणि सोबत निवृत्तीला टेकलेला, पुकारा करणारा एक शिपाईही आला. इथं पक्षकारांची नावं भिंतीवरच्या पडद्यावर झळकत. त्यामुळं बिचारा दाराशी उभा राहून दिवसभर आपला पितळी बिल्ला पुसत असे.

त्या दिवशी मी एका निकालाच्या नकलेसाठी ताटकळत होतो. माकणी गावातल्या बापाच्या जमिनीत वाटा मागणाऱ्या एका म्हातारीची पहिलीच तारीख होती. पडद्यावर नाव लागलं. तिचे दोघे भाऊ हजर होते, ती मात्र बाहेर लिंबाखाली बसलेली. कारकून दारातून ओरडला, "गोदावरी हाजिर है?" ती ढिम्म हलली नाही. आता दावा गैरहजेरीत निकाली निघणार!

"सासरी नाव बदललं आसंल, सायेब," शिपाई म्हणाला. "नाव बदलतंय, माहेर न्हाय बदलत."

तो पायरीवर गेला, कानावर हात ठेवला आणि त्यानं आवाज सोडला, "माकणीच्या गोदेऽऽ, ये गं बाईऽऽ!"

कावळे उडाले. त्या हाकेत अख्खं अंगण होतं. भावांनी माना खाली घातल्या. म्हातारी चपला तिथंच टाकून अनवाणी धावत आली आणि भरल्या कोर्टात ओरडली,

"आले, आले! माहेरचं कोन आलंय मला न्यायला?"