धामणीची काठी, दोन इंच आखूड

आमच्या घरी वाळवणावरचे कावळे हाकलायला एक काठी आहे. वरच्या टोकाला चामडं गुंडाळलेलं, खाली निमुळती, आणि हातात घेतली की फिरवावीशीच वाटणारी. लग्नाकार्याला भाचरं जमली की ती काठी कुणीतरी काढतं आणि मग मला साहेबाच्या काठीची गोष्ट सांगावी लागते. मी सांगतो, की साहेबाने या काठीने असा टोला हाणला, असा टोला हाणला, की गोटी गिरणा नदी ओलांडून पलीकडच्या एका बाईच्या तव्यावर पडली आणि तिने ती भाकरीबरोबर उलटली. पोरं लोळतात. गोष्ट एवढ्या वेळा सांगितली आहे की ती बाई आता मलासुद्धा दिसते.

अशी बाई नव्हती. टोलाही नव्हता. लिहिताना समोर हसायला कुणी बसलेलं नसतं, म्हणून झालं ते लिहितो.

जर्मनची पहिली लढाई संपून काही वर्षं झाली होती. आम्ही जळगावजवळच्या एका खेड्यातले सुतार. आबा, म्हणजे माझे वडील, नांगर, वखर, कुऱ्हाडीचे दांडे करत. थोरला भाऊ जळगावात कापसाच्या प्रेसमध्ये मिस्तरी होता. आणि मी मास्तर. मराठी चौथीच्या वर्गाला मी फूट आणि इंच शिकवत असे. माझी फूटपट्टी मापायला थोडी आणि पोरांच्या तळहातावर जास्त चाले, तरी आपल्याला मापातलं कळतं असा माझा समज होता. मास्तर झाल्यापासून मी घरातसुद्धा पुस्तकी बोलायला लागलो होतो. माय ताट वाढताना म्हणे, "हाऊ जेवाले बसना का हजेरी लेवाले?"

भावाची नोकरी गेली ती एका पट्ट्यावरून. प्रेसमधल्या यंत्राचा चामडी पट्टा तुटला. मुकादम म्हणाला, याने सांधा नीट मारला नाही. भाऊ म्हणाला, पट्टाच कुजला होता, मी दोनदा सांगितलं होतं. मॅनेजर साहेबाने एक इंग्रजी कागद पुढे केला, की चूक माझी, असं लिहून दे आणि कामाला लाग. भावाने तो कागद घरी आणला. मी तो आबांना आणि मायला वाचून दाखवला. मोठ्या थाटात, एकेक शब्दाचा अर्थ सांगत. 'मिस्टेक' म्हणजे चूक, हे आबांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. भावाने सही केली नाही. त्याला काढून टाकलं.

त्याला आठ महिने झाले होते. भाऊ सकाळी उंबऱ्यावर बसे तो दिवेलागणीला उठे. हत्याराला हात लावेना, दाढी करीना. वहिनीला तिचा भाऊ येऊन शिंदखेड्याला घेऊन गेला होता, कडेवरच्या पोरीसकट. याचं काम लागलं की पाठवू म्हणाला. मी साहेबाला तीन अर्ज केले, एकापेक्षा एक सुंदर. प्रत्येकाच्या शेवटी मी त्याचा अत्यंत नम्र सेवक होतो. उत्तर एकाचंही आलं नाही.

मग एक दिवस प्रेसचा पट्टेवाला निरोप घेऊन आला. साहेबाची काठी मोडली होती.

गावाबाहेरच्या माळावर साहेबलोकांनी नऊ भोकं पाडून गोल्फ मांडला होता. गवत तिथं कुठलं. भोकाभोवती वाळूत तेल ओतून ती गुळगुळीत केलेली. आमच्या मायला ते तेल बघवत नसे. त्या खेळातली सगळ्यांत मोठी काठी, जिने पहिला लांब टोला हाणायचा, तिला म्हणे ड्रायव्हर म्हणतात. आबांनी पट्टेवाल्याला विचारलं, "मंग गाडी कोठे शे?" साहेबाने ड्रायव्हर मारला तो गोटीऐवजी जमिनीवर. दांडा मोडला. रागाच्या भरात हातात राहिलेला तुकडा त्याने नाल्याच्या डोहात फेकला. शनिवारी बाहेरगावच्या साहेबांशी सामना होता आणि मुंबईहून नवी काठी यायला महिना लागणार होता.

मी आबांना घेऊन बंगल्यावर गेलो. साहेबाने काठीचं लाकडी डोकं आणि त्याला चिकटलेला वीतभर दांडा आमच्या पुढ्यात टाकला. मी इंग्रजीत लांबी विचारली. तो म्हणाला, "प्रॉपर लेंथ." योग्य ती लांबी. मी मान डोलावली, जणू ती मला पाठच होती. मग घसा साफ करून भावाचं नाव काढलं. साहेब हिंदुस्थानीत म्हणाला, "पहले काठी बनाव. फिर भाई का देखेगा."

पायऱ्या उतरताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

त्याच दुपारी पट्टेवाल्याच्या ओळखीने मी त्याच माळावर खेळणाऱ्या डॉक्टर साहेबाची काठी मिळवली आणि पट्टी लावून मोजली. डोक्यासकट त्रेचाळीस इंच. मी तो आकडा वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. माझ्या दृष्टीने प्रश्न सुटला होता.

आबांनी वही बघितलीसुद्धा नाही. म्हणाले, "माणूस देखाले पाहिजे."

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं माळाच्या कडेला बाभळीखाली जाऊन बसलो. साहेब दुसऱ्याची काठी घेऊन सराव करत होता. तो काठी उचले, कमरेत मोडे आणि गोटीच्या मागे वीतभर धूळ उडे. पुन्हा उचले, पुन्हा धूळ. आबा तंबाखू मळत बघत राहिले.

"त्याना हात देख," आबा म्हणाले. "गुडघाले टेकतस. पाय आखूड, हात लांबा. लांबी काठी त्याना पोटमा येस, मंग तो वाकस, मंग जमीन मारस. हाई समदं काठीनं काम शे, त्यानं नही."

तेवढ्यात साहेब पाईप पेटवायला आमच्याच बाभळीला टेकला. आम्ही उठून बाजूला झालो. साहेबाला दोरी लावून मापणं शक्य नव्हतं. शिंप्यानेसुद्धा त्याला भीत भीत मापलं असेल. त्याचा मोकळा हात खाली लोंबत होता. साहेब निघून गेल्यावर आबा झाडापाशी गेले आणि खोडाच्या एका गाठीवर बोट ठेवलं. साहेबाची मूठ तिथपर्यंत आली होती. आबांनी कनवटीची सुतळी काढली, त्या गाठीपासून जमिनीपर्यंत धरली आणि तिला एक गाठ मारली. आबांचे हातही साहेबासारखेच लांब. मग ते त्याच्या बुटांचे ठसे होते तिथं जाऊन, त्याच्यासारखे पाय फाकून उभे राहिले, हात पुढे करून हवेत मूठ वळली. माझे बाप, धोतर, डोक्यावर मुंडासं, गोल्फ खेळताहेत! मी इकडेतिकडे बघितलं, कुणी ओळखीचं नाही ना. त्या उभ्या राहण्यातून त्यांनी सुतळीला दुसरी गाठ मारली.

घरी येऊन मी सुतळीला पट्टी लावली. दुसऱ्या गाठीपर्यंत एक्केचाळीस इंच.

"आबा, दोन इंच कमी आहे."

"कशानं कमी?"

"डॉक्टरच्या काठीपेक्षा."

"डाक्टर ताड शे. तुना साहेब रांजण शे." आबा हसले. "कुऱ्हाडना दांडा माणूसले मापीसन करतस, दुसरी कुऱ्हाडले मापीसन नही."

मी चिडलो. म्हणालो, भावाच्या पोटाचा प्रश्न आहे, त्रेचाळीस ठेवा, कुणी नाव ठेवणार नाही. लांब ठेवलेली कापता येते, आखूड झालेली ओढून वाढत नाही. हे वाक्य मूळ आबांचंच होतं. तेव्हा उंबऱ्यावरून आवाज आला.

"आबानं माप खरं शे."

भाऊ बोलला होता. आठ महिन्यांत त्याने कामाचा विषय काढला नव्हता. तो उठला, उकिरड्यावरून फुटक्या बाटलीची काच घेऊन आला आणि म्हणाला, "लाकूड द्या."

आबांनी आढ्याला ठेवलेला धामणीच्या झाडाचा वासा काढला. सातपुड्यातून आणलेला, कितीतरी वर्षं धुरावर वाळलेला. धामण वाकते, पण मोडत नाही. ती त्यांनी कावडीसाठी राखून ठेवली होती. आबांनी तासली आणि भावाने दोन दिवस काचेने खरवडली. खरवडायचा, डोळ्यापाशी धरून सरळ आहे का बघायचा, पुन्हा खरवडायचा. अंगणात पिवळ्या केसांसारखा भुसा पडला. माय न मागता त्याच्यापुढे चहा ठेवून जाई आणि तो पीत असे. डोक्याचा दांडा तिरका कापून सरसाने सांधा बसवला, वर मेणाचा दोरा गुंडाळला, मुठीला चामडं चढवलं. खरवडणं चालू असतानाच, दुसऱ्या दिवशी, भावाने दाढी केली.

तेव्हा माय माझ्याकडे आली. म्हणाली, शिंदखेड्याले कारड लिख.

मी म्हणालो, शनिवार होऊ दे. ती म्हणाली, "त्यानं तोंड देखं का तू?" मी कार्ड लिहिलं. माझ्या अक्षराबद्दल मला गर्व होता, म्हणून चार ओळी जास्तच लिहिल्या. काम झाल्यातच जमा आहे, असंही लिहिलं.

शनिवारी सकाळी आबा आणि मी काठी घेऊन माळावर गेलो. आखूड का, हे साहेबाने विचारलंच तर सांगायचं इंग्रजी वाक्य मी रात्रभर घोटलं होतं. सर, माझ्या वडिलांनी तुमच्या हातांच्या लांबीचं माप घेतलं आहे, तुमच्या मित्राच्या नव्हे. व्याकरणात कुठं बोट ठेवायला जागा नव्हती.

साहेबाने काठी घेतली. गोटी नव्हतीच पुढे, नुसती हवेत फिरवली. मी त्याच्या कमरेकडे बघत होतो. ती मोडली नाही. काठीचा सूं असा आवाज आला आणि डोकं जमिनीवरच्या एका वाळक्या काडीला चाटून गेलं. धूळ उडाली नाही. साहेबाने काठीकडे बघितलं. पुन्हा फिरवली. त्याच्या ओठांचा कोपरा हलला. आबांनी माझ्या कोपराला कोपर लावलं.

मग डॉक्टर साहेब आला. उंच, लांब मानेचा. त्याने आपली काठी या काठीशेजारी उभी केली, दोन्हींची टोकं बघितली आणि मोठ्याने हसला. काय म्हणाला ते मला पूर्ण कळलं: ही मेमसाहेबांची काठी आहे का? बाहेरगावचे साहेबही हसले.

आमचा साहेब कानापर्यंत लाल झाला. माझ्याकडे वळून म्हणाला, "व्हाय शॉर्ट?"

वाक्य तयार होतं. माझ्या जिभेवर होतं. पण मला वाटलं, आता हा माणूस कारण ऐकायच्या मनःस्थितीत नाही. याला हवं आहे की कुणीतरी मान खाली घालावी. घातली की राग उतरेल, आणि भावाचं काम होईल. असा हिशोबी विचार मी आयुष्यात दुसरा केला नाही.

मी म्हणालो, "मिस्टेक, सर."

साहेबाने काठीचं डोकं बुटाखाली धरून दांडा पिळला. सरस कालचाच होता, सांधा सुटला. डोकं त्याने नोकराकडे दिलं आणि दांडा आमच्या पायाशी टाकला. "भाई भी मिस्टेक, बाप भी मिस्टेक," तो हिंदुस्थानीत म्हणाला, म्हणजे आबांनाही कळावं. "भाई ने तो बोला भी नहीं. जाव."

आम्ही निघालो. दांडा आबांच्या हातात होता. बाभळीपर्यंत ते माझ्यापुढे चालत राहिले. तिथं मीच म्हणालो, की तो म्हणाला आहे, पुढे बघू.

"माले समजनं तो काय म्हनना," आबा म्हणाले. थोडं चालून पुढे म्हणाले, "तू काय म्हनना, ते बी समजनं. थोरलाना कागदवर तोच शबद व्हता."

बस, एवढंच. नंतर ते पंधरा वर्षं जगले आणि या गोष्टीबद्दल पुन्हा बोलले नाहीत. फक्त कुठल्याही दांड्याचं माप मला कधी धरायला सांगितलं नाही. शेजाऱ्याला हाक मारत.

भाऊ दारात उभा होता, दाढी केलेला. त्याने आबांच्या हातात नुसता दांडा बघितला. विचारलं, "आखूड व्हयनी का?" आबा म्हणाले, "नही. माप बरोबर व्हतं." भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी घरात गेलो. मला पाणी प्यायचं होतं.

सोमवारी वहिनी आली. कार्ड पोचलं होतं. कडेवर पोर, डोक्यावर गाठोडं, आणि सगळी वाट हसत आल्यासारखा चेहरा. माझं कार्ड तिने गाठोड्यात जपून आणलं होतं; अक्षर फार चांगलं आहे, तिथं सगळ्यांनी बघितलं, म्हणाली. आठ दिवसांनी तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. त्या उन्हाळ्यात थोरला सुरतेकडे गेला. एक पत्र आलं, दुसऱ्याच्या हातचं. मग तेही नाही.

साहेबाला ती काठी खरोखर जमली असती का, कोण जाणे. गोटीला ती कधी लागलीच नाही. मी कधी एकटा असलो की अंगणात ती फिरवून बघतो. मला ती आखूड होते. माझे हात आबांसारखे नाहीत.

परवा एका भाचीने विचारलं, "मामा, साहेब काठी बनवणाऱ्याला काय म्हणाला?" हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "म्हणाला, शाब्बास." आणि पुढची गोष्ट घाईने सांगायला लागलो, गिरणेपलीकडची, तव्याची.