काटा हलला का?

स्वस्तातल्या परदेशी अॅम्प्लिफायरच्या खोक्यावर जेवढे वॅट छापलेले असतात, त्याच्या निम्मे जरी मिळाले तरी मी त्याला प्रामाणिक म्हणतो. आम्ही हॅम मंडळी, म्हणजे सरकारी परवाना काढून घरच्या रेडिओवरून एकमेकांशी बोलणारे हौशी लोक. आमच्यात माझी ओळख खवट म्हातारा अशी आहे. कोणी असा नवा डबा मागवला की आधी नागपूरला माझ्याकडे तपासायला पाठवतो. मी झाकण उघडतो, नाक मुरडतो आणि ग्रुपवर लिहितो, 'घेऊ नका.'

गेल्या हिवाळ्यात मात्र मला स्वतःलाच एक डबा हवा होता.

माझा एक मित्र नरखेडकडे राहतो, संत्र्याच्या बागेत. कॉलेजात असताना आम्ही मोर्स, म्हणजे टिकटिकीची सांकेतिक भाषा, एकत्र शिकलो, परीक्षाही एकत्र दिली. मी वीज खात्यात गेलो, तो बागेत. मी लग्न केलं नाही. घरात माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे रोज सकाळचा हा रेडिओवरचा मित्र. फोनवर त्याचं बोलणं जमायचंच नाही. 'हो, हो' करून तो फोन सुनेकडे द्यायचा. त्याला फोन आवडत नाही, एवढाच मी त्याचा अर्थ लावला होता.

तर त्या हिवाळ्यात त्याला मी ऐकू येईनासा झालो. मला मात्र तो अगदी स्वच्छ ऐकू यायचा. "आहे का गा तू? मले तं काही ऐकू येऊन नाही राहिलं," असं तो पुन्हा पुन्हा विचारायचा. मी इकडे माईक तोंडाशी धरून ओरडायचो, "आहे ना, इथंच आहे!" थोडा वेळ वाट पाहून तो म्हणायचा, "आजबी नाही वाटते," आणि सेट बंद करायचा. आपल्याला कोणी रोज हाक मारावी आणि आपली ओ त्याच्यापर्यंत पोचू नये, याच्याइतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

त्याच्या शिवारात आता शेतोशेती सोलर पंप आलेत. त्यांच्यामुळे रेडिओवर उठणाऱ्या खरखरीत माझा आवाज बुडत असणार, पॉवर वाढवायला हवी, असं मी ठरवून टाकलं. आम्हा लोकांना 'ऐकू येत नाही' म्हटलं की पॉवरच आठवते.

पहिला डबा तपासणीतच धूर सोडून गेला. दुसऱ्यात उष्णता शोषायचा लेप पंगतीत तूप वाढावं तसा ओतला होता. शिवाय तो बोलणं एका फ्रिक्वेन्सीवर आणि कचरा चार ठिकाणी सांडायचा. तिसरा बरा निघाला. तपासणी डमी लोडवर करायची असते. डमी लोड म्हणजे अँटेनाच्या जागी जोडायचा जाडजूड रेझिस्टर. आपण बोललेलं सगळं त्यात गरम होऊन विरतं, बाहेर काही जात नाही. त्याच्यासमोर बसून मी मित्राचंच नाव घेऊन हाका मारत होतो. शेवटी सीताबर्डीच्या बाजारातून सामान आणून कचरा गाळणारा फिल्टर स्वतः गुंडाळला. आता मात्र माझ्यासारख्या खवट माणसालाही नाव ठेवायला जागा उरली नव्हती.

सकाळी त्याची हाक आली. मी अॅम्प्लिफायर चालू केला आणि बोललो.

"अरे!" तो ओरडला. "सिग्नलचा काटा तं पार शेवटाले भिडला गा! तूच ना? मंग आवाज काहून नाही येत? स्पीकर गेला वाटते माह्या."

त्याच्या मागून सुनेचा आवाज आला. "बाबा, स्पीकर चांगला आहे. केवढ्यानं येऊन राहिला आवाज! बाहेर कुत्रं उठून बसलं."

 त्यानं माईकचं बटण दाबूनच ठेवलं होतं, त्यामुळे मला त्याच्या खोलीतलं घड्याळसुद्धा ऐकू येत होतं.  मी सगळं तपासलं होतं. फक्त त्याचे कान राहिले होते.

मी अॅम्प्लिफायर काढून ठेवला. जुन्या पॉवरवरही त्याच्याकडचा काटा हलतच होता. त्यानं तिकडे कधी पाहिलं नव्हतं, इतकंच. कानाच्या मशीनचा विषय सुनेनं काढला तर म्हणतो, "मी काय म्हातारा झालो का?" त्यानं काट्यावर मोर्स वाचूनही पाहिला, पण आम्ही तो कानानं शिकलेलो; डोळ्यांना साधला नाही. म्हणून सुनेच्या मध्यस्थीनं आता एवढंच ठरलं आहे: 'हो' असेल तर मी एकदा बोलायचं, 'नाही' असेल तर दोनदा.

तो बागेचं सांगतो, नातवाचं सांगतो, मधूनच विचारतो, "जेवला का?" मी एकदा बोलतो. काय बोललो याला महत्त्व नाही, म्हणून कधी कधी मी मनातलं काहीही बोलून टाकतो. त्याच्या संत्र्यांचा भाव पाडणाऱ्या बाजार समितीला चार शिव्या हासडतो. तो म्हणतो, "हां, हालला."

परवा तो नातवाचं सांगत होता. मग त्यानं विचारलं, "एकटं वाटते का गा तुले?"

मी माईक तोंडाशी धरला. मग हळूच म्हटलं, "हो."

मी बटण सोडलं.

"हालला," तो म्हणाला. "मलेबी."