रुळांत अडकलेली झालर

कपडे धुण्याची जुनी मशीनं दुरुस्त करायचा मला नाद आहे, असं मी सगळ्यांना सांगायचो. बायको म्हणायची, दुरुस्त करायचा नाही, उघडायचा. आधीची दोन मी उघडली होती ती पुन्हा मिटलीच नाहीत. त्यांतल्या एकात आमच्या कोंबड्या अंडी घालत.

तिसरं विलायती होतं, कामणच्या एका भंगारवाल्याकडून बैलगाडीत घालून आणलेलं. खाली टब आणि वर पिळायचे दोन रबरी रूळ. त्यांतून कपडा सरकवला की पलीकडून पापडासारखा चपटा होऊन बाहेर येई. जुनं रबर चिरलेलं होतं. दीड वर्ष मुंबईत हिंडल्यावर एका म्हाताऱ्या कारागिराने नवं चढवून दिलं, आणि पुढच्याच आठवड्यात दुकान बंद करून तो गावी गेला. हे मी घरात इतक्या वेळा सांगितलं होतं की सगळ्यांना पाठ झालं होतं.

चर्चच्या सणाला चार दिवस होते. वेदीवरची कापडं धुवायची पाळी त्या वर्षी आमच्या घराची होती. मोठ्या कापडाला आईने स्वतः विणलेली क्रोशाची झालर होती. तिला तीन वर्षं लागली होती त्या झालरीला. आता डोळ्यांत मोतीबिंदू. सुईत दोरासुद्धा सून ओवून द्यायची. ते कापड हातानेच धुवायचं, असं आईने बजावलं होतं. म्हणून मी ती सकाळच्या मिस्साला चर्चमध्ये जाईपर्यंत थांबलो.

वेदीच्या कापडाचं पाणी गटारात जाऊ द्यायचं नाही, झाडाला घालायचं, ही आमच्याकडची रीत. मी मशीनची नळी केळीच्या आळ्यात सोडली आणि स्वतःवरच खूश झालो. कापड रुळांत घातल्यावरही माझं लक्ष नळीकडेच. बायको ओरडली तेव्हा वळून पाहिलं, तर झालरीचा कोपरा गोळा होऊन रुळांत गच्च अडकला होता आणि कापड वर ओढलं जात होतं.

मी बटण बंद केलं. अशा वेळी रूळ झटकन सुटावेत म्हणून त्या मशीनला एक खटका असतो. तो गंजलेला, बिनकामाचा दिसला म्हणून मीच काढून फेकला होता. दाबाचा स्क्रू सोडायला गेलो तर पान्याने त्याचं डोकंच झिजलं. उलटं फिरवावं तर गिअर हलेना.

एवढ्यात आई आली. दारातच थांबली. मी काही बोलायच्या आधी बायकोने सगळं सांगून टाकलं. मी सुरी घेतली आणि रबर कापायला वाकलो.

आईने माझा हात धरला. "हे रबर परत मिळणार नाही म्हणालास ना?"

"झालर तरी कुठे मिळणार आहे?"

ती आत गेली, शिवणाची कात्री घेऊन आली आणि झालरीचा तो कोपरा कापून टाकला. कच्च. तीन वर्षांचं काम, आणि तिने नखं काढावीत तसं कापलं.

"एक तरी मशीन पुरं केलंयस," ती म्हणाली आणि ओलं कापड खांद्यावर टाकून विहिरीकडे गेली.

सणाच्या आदल्या दिवशी कापड वेदीवर अंथरताना फादरांना तो कोपरा दिसलाच. कशाने झालं, त्यांनी विचारलं.

"उंदराने, फादर," आई म्हणाली. वेदीच्या पायरीवर उभी राहून. लहानपणी एका चिंचेसाठी खोटं बोललो म्हणून मला चोपणारी माझी आई.

संध्याकाळी ती पापांची कबुली द्यायला रांगेत बसली. मी जाऊन तिच्या मागे बसलो.

"तू कशाला?" तिने मान न वळवता विचारलं.

"उंदीर मीच ना."

ती जरा सरकली आणि मला पुढे जाऊ दिलं.